समर कॅम्पला पोरगं पाठवायच्या आधी काय बघायचं, काय विचारायचं (बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागासाठी)

एप्रिल लागला की खांबाखांबावर फ्लेक्स सुरू होतात. स्केटिंग, स्विमिंग, योगा, रोबोटिक्स, आणि आता जांबोटी-चोर्ला बाजूला नाहीतर आंबोली-तिलारीकडं मुक्कामी कॅम्प पण. आपल्या कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दहा-अकराच्या आसपास सुटतात आणि मे संपता संपता उघडतात, म्हणजे दीड महिना पोरं घरात, आई-बाप दोघं कामावर, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला पहिला फ्लायर बघून गुगल पे करून मोकळं व्हायचं असंच बहुतेकांचं चालतंय. फी किती, टायमिंग काय, गाडी येते काय, एवढं विचारून झालं की संपलं. सेफ्टीचं विचारलं की समोरचा म्हणतो "काळजी करू नका ओ, आमचं रजिस्टर्ड हाय".

आता हे रजिस्टर्ड म्हणजे काय ते आधी बघू, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

फ्लेक्सवर खाली बारीक अक्षरात "गव्हर्नमेंट रजिस्टर्ड" लिहिलेलं असतं ना, ते बऱ्याचदा संस्थेचं किंवा ट्रस्टचं रजिस्ट्रेशन असतं, नाहीतर उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी असते तिचं. म्हणजे अशी एक संस्था कागदावर आहे एवढंच. त्या संस्थेकडं पोहणाऱ्या पोरांवर नजर ठेवायला माणूस आहे का, हे त्या कागदात कुठंच नसतं. "आयएसओ सर्टिफाईड" लिहिलं असेल तर नंबर विचारा. आयएसओ ९००१ असेल तर ते कामकाज पद्धतशीर चालतं का याबद्दलचं आहे, बिस्किटाच्या कारखान्याला पण मिळतं. साहसी खेळांच्या सेफ्टीचं जे आहे ते आयएसओ २११०१. तो नंबर सांगणारा कॅम्पवाला भेटला तर चांगलंच, खरं तरी सर्टिफिकेट कुणी दिलं आणि कधीपर्यंत चालू आहे ते बघायचंच.

खरी मान्यता कशी असते ते कळायला अमेरिकेचं उदाहरण बघा. तिथं अमेरिकन कॅम्प असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९१० पासूनची. सरकारी लायसन्स वेगळं, ते राज्य देतं, आणि ही मान्यता वेगळी, ती घ्यायची सक्ती कुणावर नाही. ज्याला पाहिजे तो कॅम्प स्वतःहून अर्ज करतो, मग ट्रेनिंग घेतलेली माणसं कॅम्प चालू असताना, पोरं तिथं असताना येऊन बघतात. जेवण, औषधं, गाड्या, पाणी, स्टाफ निवडताना काय चौकशी केली, सगळं. जवळपास तीनशे नियम आहेत. आपल्याकडं हॉस्पिटलला एनएबीएच असतं तसलाच प्रकार, स्वतःहून घ्यायची मान्यता.

पण मान्यता असो की लायसन्स, कागद आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. टेक्सासमधे जुलै २०२५ ला कॅम्प मिस्टिकचं झालं ते आठवत असेल. सरकारी तपासणी २ जुलैला झालेली, आपत्कालीन आराखडा आहे अशी नोंद पण झालेली, आणि ४ जुलैच्या पहाटे नदीला पूर आला त्यात पोरी आणि त्यांना सांभाळणाऱ्या काउन्सिलर मिळून २७ जण गेले. आराखडा होता की, खरं पोरं झोपायची ती केबिन नदीकाठी होती. इंग्लंडात १९९३ ला लाइम बे इथं कयाकिंगला गेलेली चार शाळकरी मुलं बुडाली, त्यानंतर १९९५ ला कायदा आला की अठराच्या खालच्या पोरांना पैसे घेऊन क्लाइंबिंग, पाण्यातले खेळ, ट्रेकिंग, गुहा असलं काय करवायचं असेल तर लायसन्स पाहिजेच.

आपल्याकडं समर कॅम्प तपासून मान्यता देणारी अशी कुठली ओळखीची यंत्रणा नाही. म्हणून तपासणारा माणूस कोण, तर आपणच. नियम मात्र अगदीच नाहीत असं नाही, तुकड्या-तुकड्यात आहेत, आणि ते माहीत असले की कॅम्पवाल्याला काय विचारायचं ते कळतं.

माणसं कोण आहेत

पहिला प्रश्न हाच. पॉक्सो, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, आणि त्याचे २०२० चे नियम आहेत त्यात स्पष्ट आहे की पोरं ठेवणारी किंवा पोरांशी नेहमी संबंध येणारी कुठलीही संस्था, शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, कुठलीही, तिनं सगळ्या स्टाफचं पोलिस व्हेरिफिकेशन करून घ्यायचं. शिकवणारे, न शिकवणारे, परमनंट, कॉन्ट्रॅक्टवरचे, सगळे आले त्यात. म्हणजे स्वयंपाकी, वॉचमन, ड्रायव्हर आणि कॅम्पपुरता आणलेला कॉलेजचा पोरगा पण. तेव्हा "पोलिस व्हेरिफिकेशन झालंय काय?" हे विचारलं तर तुम्ही काही जगावेगळं मागायला नाही. आपल्या राज्याची बाल संरक्षण नीती पण आहे, २०१६ ची. मोठ्या शाळेच्या आवारातला कॅम्प असेल तर त्या शाळेची स्वतःची लेखी पॉलिसी मागा, शाळेला ती असायला पाहिजे.

मग कॅम्पचा नियम काय ते विचारा: एकटा मोठा माणूस आणि एकटं पोर बंद खोलीत कधीच नाही, कपडे बदलायला मुलींना वेगळी जागा आणि तिथं बाई, रात्री मुक्काम असेल तर मुलींच्या बाजूला महिला स्टाफ, स्टाफनं पोरांचे फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढायचे नाहीत. हे सगळं विचारताना समोरचा हसला, "आमच्यात तसलं काय नसतंय ओ" म्हणाला, तर तिथंच उठायचं. ज्यानं विचार केलाय तो हसत नाही, सांगतो. आणि काही घडलंच तर ते दाबून ठेवणं हाच गुन्हा आहे, पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणं कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसता येत नाही. पोराला १०९८ नंबर पाठ करायला लावा. चाइल्ड हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट.

किती पोरांमागं किती माणसं

हे फोनवर विचारून कळतं आणि कॅम्पवाला किती सिरीयस आहे ते पण कळतं. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचे आकडे आपण उचलायला काही हरकत नाही. मुक्कामी कॅम्पला ६ ते ८ वर्षांच्या सहा पोरांमागं एक मोठा माणूस, ९ ते १४ च्या आठ पोरांमागं एक. नुसता दिवसाचा कॅम्प असेल तर लहानांच्या आठांमागं एक आणि मोठ्यांच्या दहांमागं एक. यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, गेटवरचा माणूस धरायचा नाही, जो पोरांच्या बरोबर आहे तोच धरायचा. आपल्याकडं काय करतात, नववीतल्या पोरांना "व्हॉलंटियर" टीशर्ट घालून उभं करतात आणि तेच मोजतात. चालणार नाही. त्यांच्या नियमात स्टाफमधली किमान ऐंशी टक्के माणसं अठरा वर्षांच्या वरची पाहिजेत असं आहे.

साठ पोरं आणि चार सर हे ऐकलं की हिशोब आपला आपणच करायचा.

पाणी

इथं मी जरा जास्त लिहिणार, कारण आपल्या भागात कॅम्प म्हटला की पाणी आलंच. शहरातला स्विमिंग पूल, नाहीतर राकसकोप, हिडकल, खानापुरातली मलप्रभा, गोडचिनमलकीचा धबधबा, लांब नेलं तर गणेशगुडी-दांडेलीला काळी नदी, आणि शेवटच्या दिवशी "सरप्राईज" म्हणून गोवा नाहीतर मुर्डेश्वर. डिसेंबर २०२४ मधे कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलच्या निवासी शाळेची सहल मुर्डेश्वरला गेलेली, चार मुली समुद्रात बुडाल्या. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली, १२ पोरं आणि २ शिक्षिका गेल्या, बोटीत माणसं जास्त, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात नव्हती. दोन्हीकडं मोठी माणसं बरोबर होतीच ना. नुसतं बरोबर असून भागत नाही, पाण्याकडं बघणं हेच एकाचं काम पाहिजे.

पूलवर जाऊन बघा. फोटो बघून नाही, बॅच चालू असताना जाऊन बघा, आणि आधी न सांगता. एका ठिकाणी आम्ही असंच गेलतो, पाण्यात वीस-पंचवीस पोरं, कोच पाण्यात उतरून दोघांना हात मारायला शिकवायलेला, आणि कडेला ट्यूब घेऊन उभा असलेला पोरगा मोबाईलवर मॅचचा स्कोअर बघायलेला. त्याला विचारलं "लाइफगार्ड कोण?" तर त्यानं कोचकडं बोट दाखवलं. शिकवणारा कोच हा लाइफगार्ड नसतो, त्याची नजर समोरच्या पोरावर असते, पाठीमागं कोण गटांगळ्या खायला लागला ते त्याला दिसत नाही, आणि बुडणारं पोर ओरडत नाही, नाकातोंडात पाणी असताना ओरडणार कुठनं, ते गपचूप खाली जातं. म्हणून बाहेर उभा राहून फक्त बघणारा माणूस वेगळा पाहिजे, हातात मोबाईल नसलेला, पोहता येणारा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडानं श्वास देऊन जीव वाचवायची पद्धत, येणारा. त्यालाच थेट विचारा, सीपीआर कुठं शिकलास, करून दाखव बघू. आयोजकाला विचारू नका, तो हो म्हणणारच.

पूलमधे आणखी दोन-तीन गोष्टी. तळ स्वच्छ दिसतोय काय, पाणी गढूळ हिरवं असेल तर खाली गेलेलं पोर दिसणारच नाही. खोली कुठं किती ते रंगानं लिहिलंय काय. तळाच्या जाळीचं झाकण नीट बसवलंय काय, तुटक्या जाळीत केस ओढले जातात. कडेला रिंग आणि लांब काठी आहे काय.

नदी, धरण, धबधबा असेल तर माझं सरळ मत, चौदाच्या खालच्या पोरांना पाण्यात उतरवायचंच नाही, काठावरनं बघू दे. धबधब्याखालचा डोह वरनं शांत दिसतो, खाली कपारी असतात, शेवाळ असतं. उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून धोका नाही असं समजू नका, धरणाच्या खालच्या अंगाला पाणी कधी सोडतात ते आपल्याला कुठं माहीत असतंय. राफ्टिंग किंवा बोटिंग असेल तर लाइफ जॅकेट तुमच्या पोराच्या मापाचं पाहिजे, वजन लेबलवर लिहिलेलं असतं. तपासायची पद्धत सोपी आहे: जॅकेट घालून सगळे बकल लावा, मग खांद्याला धरून वर ओढा. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, पाण्यात पडल्यावर पोर खाली आणि जॅकेट वर असं होतं. मोठ्यांचं जॅकेट दोरीनं आवळून घालायचा जुगाड करतात, तो चालवून घ्यायचा नाही.

वळीव, ऊन, साप, मधमाशा

आपल्याकडचा वळीव सांगून येत नाही. दुपारी तीनपर्यंत कडक ऊन, चारला आभाळ काळं, साडेचारला गारा. विजा या पावसातच जास्त पडतात. कॅम्पवाल्याला विचारा, गडगडलं तर पोरं कुठं नेणार? "झाडाखाली" किंवा "तंबूत" असं उत्तर आलं तर तो कॅम्प बाद. पक्की इमारत नाहीतर बंद बस, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर काढायचं नाही. राजहंसगडासारख्या उघड्या गडावर नेणार असतील तर सकाळीच नेऊन अकरापर्यंत खाली आणायचं. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अ‍ॅप आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असेल तर इशारा देतं, आयोजकाच्या मोबाईलमधे ते आहे काय बघा.

गडाच्या तटाला, उंच झाडाला, कड्याला आग्या मोहोळ असतात. सेंट मारून जाऊ नका, दगड मारू नका, शेकोटीचा धूर करू नका हे पोरांना निघायच्या आधी सांगितलं जातंय काय एवढं विचारलं तरी पुरे.

साप. खानापूरच्या जंगलपट्ट्यात मुक्काम असेल तर जमिनीवर गादी टाकून झोपवणार असाल तर आम्ही पाठवत नाही असं सांगा, खाट पाहिजे, नाहीतर नीट बंद होणारा तंबू. रात्री संडासला जायला बॅटरी आणि पायात बूट. आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: सापावरचं इंजेक्शन सगळ्यात जवळ कुठल्या दवाखान्यात आहे, आणि रात्री दोनला तिथं न्यायला गाडी कुठली? जांबोटी-कणकुंबी बाजूला कित्येक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, तेव्हा १०८ ला फोन करू हे उत्तर अर्धंच आहे. गाडी कॅम्पवर उभी पाहिजे, ड्रायव्हर शुद्धीवर पाहिजे, आणि खानापूरचा सरकारी दवाखाना का बेळगावचं बिम्स का केएलई, कुठं न्यायचं ते आधीच ठरलेलं पाहिजे. दोरीनं आवळणं, चिरा देणं, मांत्रिक, काही नाही, पाय न हलवता सरळ दवाखाना. २०२४ पासून कर्नाटकात सर्पदंशाची नोंद सरकारला कळवणं दवाखान्यांना बंधनकारक केलंय, एवढा तो विषय मोठा आहे.

जंगलातल्या कॅम्पला अजून एक, माकडताप. दोडामार्ग, गोव्याचा सत्तरी, उत्तर कन्नडचा काही भाग इथं तो झालेला आहे, आणि त्याचा सीझन डिसेंबर ते मे म्हणजे नेमका आपल्या सुट्टीपर्यंत. गोचिडीतनं येतो. पूर्ण हाताचे कपडे, पालापाचोळ्यात बसायचं नाही, संध्याकाळी गरम पाण्यानं अंघोळ आणि अंगावर गोचीड आहे काय ते बघणं. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरला "जंगलात गेलतो" हे सांगायचं विसरू नका. भीमगड अभयारण्याच्या बाजूला नेणार असतील तर वनखात्याची परवानगी लेखी बघा, "रेंजर ओळखीचा हाय" ही परवानगी नव्हे.

दोरी, झिपलाइन, क्लाइंबिंग

आपल्याला तांत्रिक कळत नाही म्हणून सोडून देऊ नका. हेल्मेट आणि हार्नेसवर (अंगाला बांधायचे पट्टे) सीई किंवा यूआयएए असा सेफ्टीचा शिक्का छापलेला पाहिजे, बांधकामावरचं पिवळं हेल्मेट नको. घेणाऱ्या सरांनी कोर्स कुठला केलाय विचारा. उत्तरकाशीची नेहरू संस्था, बेंगळुरूची आपली सरकारी जनरल तिमय्या अकॅडमी, असलं काहीतरी नाव आणि सर्टिफिकेट पाहिजे. "दहा वर्षं करायलोय" हा अनुभव झाला, ट्रेनिंग नव्हे.

कॅम्प महाराष्ट्राच्या हद्दीत असेल, म्हणजे चंदगड, आंबोली, तिलारी, तर एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. महाराष्ट्रानं २०२१ ला साहसी पर्यटन धोरण आणलं, त्यात असले खेळ घेणाऱ्यानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आहे. तेव्हा तिकडच्या कॅम्पला तो नोंदणीचा कागद मागा. आयोजक बेळगावचा, जागा महाराष्ट्रातली, गाडी तिसऱ्याचीच असा प्रकार आपल्याकडं सर्रास असतो आणि काय झालं की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात, म्हणून पावतीवर कुणाचं नाव आहे, पत्ता कुठला आहे ते पैसे द्यायच्या आधी बघा.

गाडी आणि जेवण

गाडीची नंबरप्लेट पिवळी पाहिजे. पांढरी प्लेट म्हणजे खासगी गाडी, भाड्यानं पोरं न्यायला ती चालत नाही आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. क्रूझरमधे मागं समोरासमोर पोरं कोंबून चोर्ला घाटात नेणारे आपण बघतोच की, सीट किती आणि पोरं किती ते विचारा. परत येताना घाट अंधारात नको.

जेवण बनवणाऱ्याकडं एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा लायसन्सचा नंबर पाहिजे, चौदा आकडी असतो. पिण्याचं पाणी कुठलं ते विचारा. पोराला शेंगदाणा, अंडं, कसली अ‍ॅलर्जी असेल, दमा असेल, फिट येत असेल तर ते फॉर्मवर लिहा आणि शिवाय जो माणूस चोवीस तास पोराजवळ आहे त्याला तोंडानं सांगा, कारण फॉर्म ऑफिसात राहतो. औषध पोराच्या बॅगेत नको, नाव लिहून सरांच्या हातात. आणि स्टाफमधे मराठी कळणारं कुणीतरी आहे ना ते बघा, सहा-सात वर्षांचं पोर रात्री पोटात दुखायला लागलं की घरच्याच भाषेत सांगणार.

फॉर्मच्या खाली इंग्रजीत नाहीतर कन्नडात एक ओळ असते, काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत. ती वाचा. सही केली म्हणजे त्यांच्या हलगर्जीपणाची जबाबदारी सुटली असं होत नाही, पण ही ओळ सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि दवाखान्याचं नाव कुठंच नाही, असा फॉर्म असेल तर आयोजकाला कशाची काळजी आहे ते कळतं.

आपल्याच मंडळाचा कॅम्प असेल तर

गल्लीतलं मंडळ, वाचनालय, देवळाचा हॉल, यांचे पण छोटे कॅम्प असतात, आणि ते बरेच चांगले असतात, फीही कमी. त्यांच्याकडनं सर्टिफिकेटची अपेक्षा करू नका, खरं एक पानभर लिहून भिंतीला लावा म्हणून सांगा: आज किती पोरं आली, कोण मोजतंय, जवळचा दवाखाना, फर्स्ट एड कुणाकडं, पोराला घ्यायला कोण येणार त्याचं नाव. कुणा ओळखीच्या डॉक्टरला आणि एका पोलिसाला पहिल्या दिवशी बोलवून बघायला लावा, दोघांची सही त्याच पानावर. मान्यता मान्यता म्हणतात ती सुरू अशीच होते, बाहेरच्या माणसाला आपणहून आत बोलवून. पोराला न्यायला फॉर्मवर नाव नसलेला माणूस आला, मामा असू दे नाहीतर काका, घरी फोन केल्याशिवाय सोडायचं नाही.

आता हा मेसेज कॉपी करा आणि आयोजकाला पाठवा:

"नमस्कार सर, मुलाला पाठवायचा विचार आहे. कृपया एवढं कळवा. एकूण मुलं किती, त्यांच्याबरोबर राहणारी मोठी माणसं किती? स्टाफचं पोलिस व्हेरिफिकेशन झालंय का? पाण्यात नेणार आहात का, लाइफगार्ड कोण? पाऊस-विजा आल्यास मुलं कुठं ठेवणार? जवळचा दवाखाना कुठला, कॅम्पवर गाडी असते का? मुलांचा अपघात विमा काढलाय का? मी कॅम्प चालू असताना कधीही येऊन बघू शकतो का?"

उत्तर यायला दोन दिवस लागले तर लागू दे, सीझन आहे, माणसं कामात असतात. फोन करून सविस्तर सांगणारा भेटला तर उत्तमच, एखाद्या प्रश्नाला "ते अजून केलं नाही, करतो" म्हणाला तरी चालेल, केलं काय ते आठवड्यानं विचारा. शेवटच्या प्रश्नाला मात्र "पालकांना आत सोडत नाही, पोरं रडतात" असं आलं तर अ‍ॅडव्हान्स देऊ नका, दिला असेल तर परत मागा.